चौथा डबा खाली येईपर्यंत

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर थर्माकोलच्या एका डब्याचं वजन केलं. संध्याकाळची वेळ होती. कामोठ्याच्या आमच्या घरातला ओटा, ओट्यावर तिचा वजनकाटा. दिवाळीला चकलीची भाजणी मोजायला म्हणून आणला होता, पण भाजणी त्यावर एकदाच चढली असेल. डबा ठेवला. सुनंदानं चष्मा पुसला, आकडा बघितला आणि म्हणाली, "जड आहे अजून. झाकणाच्या कडा तासा." मी ब्लेड घेऊन कडा तासल्या. परत ठेवला. "दोरी लांब आहे, कापा." कापली. परत ठेवला. मी म्हटलं, "आता मीच तेवढा राहिलोय, मलाही तासून घे." ती म्हणाली, "तुम्हाला कुठं वर पाठवायचंय? तुम्ही खाली टेम्पोत पाहिजे."

मग डब्यावर चिकटवायची चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. ही जन्मभर शाळेत शिकवणारी, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. पण चिठ्ठी मीच लिहायची असा तिचा नियम होता. म्हणायची, तुमचं अक्षर बघून कुणाला वाटणार नाही की यात काही भारी सामान आहे. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. चहा झाला. झोपायला जाताना रोजच्यासारखं म्हणाली, "सकाळी वारा बघून या हं." मी म्हटलं, बरं.

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत... पण ते जाऊ दे.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगी पुण्याला गेली. सुनंदाच्या हाताखाली शिकलेली रेश्मा म्हणाली, काका, पेपरच्या पुरवणीत बाईंवर तुम्ही लिहा. मी म्हटलं, मला ट्रकच्या मागं लिहायचं तेवढं माहीत. ती म्हणाली, बोलता तसं लिहा. म्हणून हे लिहितोय. चांगलं लिहिलेलं वाचायचं असेल तर पान उलटा.

सुनंदा तुर्भ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न झालं तेव्हा ती सातवी पास होती आणि मी ट्रकवर क्लीनर. माणगावकडून आम्ही इकडं आलो, तुर्भ्याला एका खोलीत राहिलो. मी गाडीवर जायचो, ती शिकायची. दहावी केली, बारावी केली, डी.एड. केलं. लोक म्हणायचे, बायकोला एवढं शिकवलंस, डोक्यावर बसेल. मी म्हणायचो, बसू दे, मला हमालीची सवय आहे. आणि बसली ती, चांगली पाय पसरून बसली.

आमचं भांडण त्या खोलीतलं आहे. ती परीक्षेचं मोठ्यानं वाचायची. एक दिवस वाचत होती, की समुद्रात लांबून जहाज येताना आधी त्याचं शीड दिसतं आणि मग खालचा भाग, म्हणून पृथ्वी गोल आहे. मी जेवत होतो. मी म्हटलं, हे काय खरं नाही. उरणला मी किती जहाजं बघितली, लांब जातात तशी सगळीच्या सगळी बारीक होतात. आणि मी गाडी घेऊन पार कलकत्त्यापर्यंत जाऊन आलो, घाट सोडला तर कुठं उतार लागला नाही. गोल असती तर गाडी न्यूट्रलमध्ये नसती का गेली? मी चेष्टाच करत होतो. पण ती पुस्तक मिटून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "ही भाकरी गोल आहे का? का तेही मानत नाही?" मी म्हटलं, "भाकरी गोल आहे. पण सपाट आहे."

त्यावर ती जी हसली... पाणी प्यायला उठावं लागलं तिला. आणि मग गंभीर होऊन म्हणाली, एक दिवस तुम्हाला डोळ्यांनी दाखवीन. मी म्हटलं, दाखव, मग मानतो. तेव्हापासून घरात पृथ्वी सपाट. भाकरी वाढताना ती विचारायची, "सपाट देऊ का अजून एक?" मुलगी शाळेत गेली तेव्हा तिनं बाईंना सांगितलं की आमच्या घरी पृथ्वी अजून ठरायचीय. बाई म्हणजे तिची आईच. वर्गात सगळी पोरं हसली.

सुनंदा रिटायर झाली आणि घरी बसून चिडचिडी झाली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायची, पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला धडा शिकवायची. तेव्हा रेश्मा घरी आली. रेश्मा तिची जुनी विद्यार्थिनी, दिघ्याची. आता इंजिनियर आहे, कारखान्यात मशीनची सर्किटं बनवते. तिनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. ती आणि तिचे मित्र मिळून एक फुगा सोडतात. वाढदिवसाचा नव्हे. पांढरा, रबराचा, माणसापेक्षा उंच. त्यात हेलियम गॅस भरतात. खाली एक छत्री बांधतात, छत्रीखाली थर्माकोलचा डबा. डब्यात कॅमेरा, वरची थंडी आणि हवेचा दाब मोजायची यंत्रं, आणि डबा कुठं आहे ते कळवणारा एक तुकडा. फुगा विमानापेक्षा तिप्पट उंच जातो, तिथं फुटतो, आणि डबा छत्रीला लोंबकळत खाली येतो. तो मग शोधायचा. फोटोत वर काळं आकाश होतं, भर दुपारी, आणि खाली निळी कड. सुनंदानं मोबाईल हातात घेतला तो सोडेना. मग माझ्याकडं वळली. मी तेव्हाच ओळखलं की आपलं काही खरं नाही.

आमच्या इथून फुगा सोडता येत नाही. इकडं विमानतळ, तिकडं विमानतळ, उरलेल्या बाजूला समुद्र. घाट चढून वर देशावर जायचं, मोकळं रान बघायचं, आधी विमानवाल्यांच्या ऑफिसची परवानगी काढायची. परवानगीचं काम रेश्माचं. डबा सुनंदाचा. आणि डबा जिकडं जाईल तिकडं पळायचं काम माझं. थंडीत वरचा वारा पूर्वेकडं जातो, म्हणून सोडायचा पश्चिमेला आणि टेम्पो घेऊन सुटायचं पूर्वेला. मी आयुष्यभर माल पोचवला. माल आधी निघून गेलाय आणि ड्रायव्हर मागून शोधतोय, हे पहिल्यांदाच.

पहिल्या वेळेला मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. फुगा भरला तर तो ढिला. खाली लोंबतोय, पिशवीसारखा. मी म्हटलं, सिलिंडरवाल्यानं फसवलं, अर्धाच गॅस आहे, भरा अजून. टायरमध्ये हवा कमी ठेवून गाडी काढणारा माणूस मी नाही. सुनंदा म्हणाली, वर हवा पातळ होत जाते, फुगा आपोआप मोठा होतो, त्याला जागा ठेवावी लागते. मी म्हटलं, मग जागा ठेव, पण एवढी? पोरं हसायला लागली. तिनं मला हातमोजे दिले आणि म्हणाली, "तोंड बंद आणि हात आत. तुमच्या हाताचं ग्रीस रबराला लागलं तर वर जायच्या आधीच फुटेल." मोजे घालून मी फुगा धरला. आणि खरं सांगतो, तो ओढत होता. ढिला असून ओढत होता, जत्रेत लहान पोर हात ओढतं तसा. तिनं "सोडा" म्हटलं आणि सोडवेना मला. परत म्हणाली, "अहो, हात सोडा." सोडला. वर गेला, टिकली एवढा झाला, गेला.

तो डबा मिळालाच नाही. जिथं पडला तिथं मोबाईलला रेंज नव्हती, म्हणजे त्याचा पत्ता यायची सोयच संपली. आम्ही रानोमाळ फिरलो. ज्वारीच्या शेतात विचारत होतो, आकाशातून काही पडलं का. एकजण म्हणाला, पडायला पाहिजे ते पडत नाही, बाकीचं काय पडणार? पण त्यानं आगटी पेटवून आम्हाला हुरडा खायला बसवलं. मला वाटलं आता ही रडेल. ही हुरडा चोळत त्याच्या बायकोला विचारत होती की चटणीत लसूण किती घातलास. परत येताना घाटात म्हणाली, "रेंजचं बघितलं पाहिजे." बस, तेवढंच.

दुसऱ्या वेळी रेश्मानं दुसऱ्या जातीचा तुकडा बसवला, रेंज नसली तरी रेडिओवर ओरडणारा. डबा एका शेतकऱ्याच्या तुरीत सापडला. आम्ही पोचलो तर त्यानं डबा अंगणाच्या मधोमध ठेवून त्यावर मोठी पाटी पालथी घातली होती, पाटीवर दगड, आणि सगळी वाडी लांब उभी. मी म्हटलं, अहो, वर चिठ्ठी लावलीय ना, घाबरू नका, यात स्फोटक नाही. तो म्हणाला, "ते वाचूनच तर घाबरलो. आमच्या घरात इतके डबे हायेत, कुठल्याच डब्यावर असं लिहिल्यालं नाही." सुनंदा म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वेळेपासून ते वाक्य काढलं.

घरी येऊन कॅमेरा जोडला. काळं. सगळं काळं. झालं होतं असं, की डबा आमच्या स्वयंपाकघरात बांधला जायचा. पोळ्यांचं पीठ उडून काचेवर बसू नये म्हणून तिनं काचेवर चिकटपट्टी लावली होती, आणि ती काढायची राहिली. वर काळं आकाश बघायला गेलेला कॅमेरा चिकटपट्टी बघून आला. रेश्मानं कपाळावर हात मारला. सुनंदा म्हणाली, आवाज तर आहे, लाव. आणि दोन तासांच्या वर ते काळं आम्ही पलंगावर बसून बघितलं. पुढं ढकलू दिलं नाही तिनं. आधी तिचाच आवाज, याही वेळी तेच, "अहो, हात सोडा." मग वारा. मग वारा बारीक होत गेला, बारीक... आणि अगदी शांत झालं. तिनं सांगितलं, तिथं हवा नसल्यातच जमा, आवाज कशातून येणार. मग कुठूनतरी लांबून आल्यासारखं फट. मग छत्रीची फडफड, परत वारा, धप्प, आणि एक शेळी ओरडली. मी म्हटलं, "वर रात्र होती वाटतं. गोल काही दिसलं नाही." ती उशीत तोंड घालून हसली.

तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं. चिकटपट्टी तिनं काढली, रेश्मानं बघितली, मी बघितली, आणि चहावाल्यालाही दाखवली. फोटो आले. काय सांगू तुम्हाला... वर काळं म्हणजे आपल्या रात्रीसारखं नाही, त्यात चांदणी नाही, नुसतं खोल. खाली पांढरे ढग शिंपडलेले. आणि मध्ये निळी कड, धनुष्यासारखी वाकलेली. रेश्मा म्हणाली, "काका, आता बोला." दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पुष्कळ वेळ बघितलं. आणि तोंडातून गेलं, "ही भिंगाची करामत आहे."

रेश्मा चिडली. काका, कमाल करता तुम्ही. पण सुनंदा उठली. तिनं तो कॅमेरा उचलला आणि गच्चीवर गेली. समोरच्या बिल्डिंगच्या कठड्याचा फोटो काढून आणला. सरळ कठडा, गवंड्यानं ओळंबा लावून बांधलेला, आणि फोटोत तो केळीसारखा वाकलेला. तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. म्हणाली, "बरोबर बोलतायत हे. हे भिंग सगळंच वाकवतं." रेश्मा म्हणाली, बाई, जिथं कड फोटोच्या बरोबर मध्यावर आलीय तिथं भिंग वाकवत नाही, आणि तिथंही थोडीशी गोलाई दिसते. सुनंदा म्हणाली, "थोडीशी नको. यांच्यासारख्या माणसाला थोडीशी चालत नाही. सरळ भिंगाचा कॅमेरा लावू."

मी तेव्हा तिच्याकडं बघत राहिलो. इतक्या वर्षांचं भांडण ती जिंकली होती. रेश्मा तिच्या बाजूला, फोटो तिच्या बाजूला. मी नुसती पिंक टाकली होती. आणि ही बाई जिना चढून गेली, माझी पिंक तपासली आणि खाली येऊन माझ्या बाजूनं निकाल दिला. असं माणूस मी दुसरं बघितलं नाही. चौथा डबा तिथं ठरला.

मग तिच्या छातीचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात ठेवलं, सोडलं, परत ठेवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय कमजोर आहे, टेन्शन द्यायचं नाही, प्रवास नाही. मी आत गेलो. ती खिडकीतून बघत बसली होती, दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "सुनंदा, पृथ्वी गोल आहे. मानलं मी."

ती वळली. "डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

"काही नाही."

"मग एकदम गोल कशी झाली?"

मी तिची चादर सारखी करायला लागलो. ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून पृथ्वी गोल करू नका. डबा वर जाऊ दे, खाली येऊ दे, फोटो बघा, आणि मग काय ते बोला. तोपर्यंत सपाट."

मी म्हटलं, "बरं. सपाट."

शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी नर्सला विचारलं म्हणे, या दोघांना कुठल्या आजारासाठी ठेवलंय.

ती घरी आली आणि डब्याच्या मागं लागली. प्रवास नाही म्हणून सांगितलं होतं, तर म्हणाली, मी घाटावर येत नाही, तुम्ही सोडा, रेश्मा दाखवेल तसं मी घरून मोबाईलवर बघते. आता ती रोजची वाऱ्याची गोष्ट सांगतो. पहिल्या फुग्यापासून तिनं मला एक काम लावलं होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच्या पाइपाला तिच्या जुन्या साडीचा काठ बांधला होता, हिरवा. रोज सकाळी चार मजले चढून मी तो बघायचा आणि वारा कुठून येतो ते खाली येऊन सांगायचं. मी सांगायचो, खाडीकडून, पनवेलकडून. ती मान हलवायची आणि चहा द्यायची. एकदा मी म्हटलं, फुगा सोडायचा घाटावर, जाणार विमानाच्या वर, त्याला कामोठ्याच्या गच्चीवरच्या वाऱ्याशी काय करायचंय? ती म्हणाली, सगळी माहिती लागते. आता ती गेल्यावर रेश्मानं मला सांगितलं, की त्या वाऱ्याचा काही उपयोग नव्हता. वरचा वारा कॉम्प्युटरवर बघतात. माझी साखर वाढलेली, डॉक्टर चाला म्हणायचे आणि मी चालत नव्हतो, म्हणून बाईंनी काकांना जिन्याचं काम लावलं. इतकी वर्षं मला पोराला फिरवतात तसं फिरवलं. साखर मात्र आटोक्यात आहे.

डबा ओट्यावरच आहे, आम्ही वजन करून ठेवला तिथंच. मुलीच्या सासरच्या बायका कार्यक्रमाला आल्या तेव्हा एकीनं त्यात पोहे ठेवायला बघितले, मी ओरडलो. चिठ्ठी त्याच संध्याकाळची. तिनं सांगितलेली, माझ्या अक्षरात. "आम्ही हा डबा शिकण्यासाठी वर पाठवला होता. तुम्हाला सापडला, आभारी आहोत. उघडू नका, पाण्यात टाकू नका. फोन करा, आम्ही निघालेलोच आहोत. चहा ठेवलात तर बिनसाखरेचा." शेवटचं वाक्य मला नको होतं. तिनं लिहायला लावलं. रेश्मानं परवानगीचा अर्ज पुढं नेलाय, थंडी आहे तोवर सोडायचा. टेम्पोचं मी ऑइल बदललं, मागचे दोन टायर बदलले. या वेळी फुगा ढिला आहे म्हणून मी भांडणार नाही. हात सोडा म्हणायला कोण असेल ते बघू.

ती गेली त्या सकाळचं सांगायचं राहिलं. डॉक्टर येऊन गेले. शेजारणी आल्या, तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं, पांढरी चादर घातली. कुणी मुलीला फोन करत होतं, कुणी रेश्माला. मला खुर्चीत बसवलं. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. सेक्रेटरी म्हणाला, "काका, कुठं?" मी म्हटलं, "गच्चीवर." सगळ्यांचे चेहरे उतरले. मी जिना चढायला लागलो तर मागून दोघंजण चढायला लागले, सेक्रेटरी आणि तळमजल्यावरचा दुकानदार. त्यांना वाटलं म्हातारा उडी मारतोय. चौथ्या मजल्यापर्यंत दोघंही धापा टाकत होते, मी नव्हतो.

टाकीजवळ गेलो. हिरवा काठ लोंबत होता. मी उभा राहिलो. ते दोघं मला धरायच्या बेतानं कठड्याच्या बाजूला उभे. मी म्हटलं, बाजूला व्हा, वारा अडवताय. बऱ्याच वेळानं काठ हलला, खाडीच्या दिशेला जरासा उचलला, परत पडला, परत उचलला. बघितलं आणि खाली आलो.

खोली माणसांनी भरली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, "पनवेलकडून आहे. हलका."

गोल आहे का सपाट, ते मात्र बोललो नाही. डबा खाली यायचाय अजून.